तपासलेला डावा बूट

मी एक जुना डावा बूट आहे. जुना म्हणजे वर्षाचाच. पण कुवेतचा उन्हाळा बाल्कनीत काढलेल्याला वय विचारू नये. तुम्हाला ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो. मित्रांनो, पाय असलेल्या कुणाशीच माझं आता पटत नाही.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं दुकान. तिथे अक्षदाने मला उचललं, उलटं केलं, सोल वाकवून बघितला, आत हात घालून शिवण चाचपली.

“बाबा, हे घ्या,” ती म्हणाली. “आई गेल्यापासून तुम्ही कुवेतला, फहाहीलच्या फ्लॅटमध्ये एकटेच बसता. दर रजेला माझ्याकडे या. आपण समुद्रकाठाने चालू.”

इतक्या मायेने मला कुणी हाताळलं ते त्याच दिवशी. घालणार होते तिचे बाबा, देवदत्त साहेब. त्यांनी किंमत बघितली, नाक मुरडलं आणि खिशातून हिरव्या चिकटपट्टीचा तुकडा काढून माझ्या टाचेवर लावला.

हे पट्टीचं खूळ त्यांच्या नोकरीतलं. कुवेतला तेलाच्या कामावर ते क्रेनच्या साखळ्या आणि हूक तपासतात. दर तीन महिन्यांनी प्रत्येक नग हातात घ्यायचा, झीज बघायची, चीर बघायची, आणि ठीक असेल तर त्या तिमाहीच्या रंगाची पट्टी लावायची. बाद नगाला लाल पट्टी, आणि चुकून कुणी वापरू नये म्हणून तो त्याच दिवशी कापून टाकायचा. कामावर साहेबांच्या नजरेतून केसाएवढी चीर सुटत नाही. घरी येताना मात्र त्यांनी पट्टी तेवढी आणली आणि तपासणी तिकडेच ठेवली.

एप्रिलमध्ये आम्ही पहिल्यांदा कड्यावरून चाललो. गवतात बारीक गुलाबी फुलं होती, खाली समुद्र चकाकत होता. अक्षदा पुढे पळत होती आणि वळून हाका मारत होती, “बाबा, लवकर या, हे बघा!” साहेबांनी बघितला तो कठडा. “याचे बोल्ट गंजलेत,” ते म्हणाले. पोरीचं तोंड उतरलं. मला तेव्हाच त्यांना चावावंसं वाटलं, आणि मी टाचेला चावलोही. दोन फोड आले. माझा जोडीदार, उजवा बूट, लाचार. तो मऊच राहिला.

कुवेतला परत आल्यावर शिवणीतलं मीठ कुणी धुतलं नाही. आम्हाला बाल्कनीत टाकलं, तेही एसीच्या बाहेरच्या पंख्यासमोर. मे-जूनचं ऊन वरून, पंख्याची गरम हवा समोरून. माझ्यातला गोंद आतल्या आत सुटू लागला.

जुलैत निळी पट्टी लावून पुन्हा इंग्लंड. किनाऱ्यावर माणसंच माणसं, आणि पायाखाली नुसते गोटे. एका समुद्रपक्ष्याने साहेबांच्या हातातले चिप्स पळवले. मी इतका खूश झालो की काय सांगू. अक्षदाही हसली, पण थोडंच. त्या वेळी ती पुढे पळत नव्हती, बरोबरीने चालत होती.

ऑक्टोबरात निघताना विमानतळावर सोडायला वाजिद आला. वाजिद रत्नागिरीकडचा, साहेबांच्या हाताखाली काम करणारा. त्याने मला बाल्कनीतून उचललं आणि सोलवर अंगठा दाबला.

“साहेब, ह्याचा सोल मऊ लागतोय. जरा उलटा करून बघा.”

“पट्टी दिसत नाही का तुला? आजच पिवळी लावलीय.”

“पट्टी दिसते ना साहेब. म्हणूनच म्हटलं, बघा.”

साहेबांनी बघितलं नाही. त्या खेपेला लाटा कठड्यावर फुटत होत्या आणि वाटेभर शेवाळ पडलं होतं. अक्षदा मागे राहात होती. तिच्या बुटाची नाडी सुटून शेवाळात ओढली जात होती, आणि ती बांधायचं तिच्या जिवावर आलं होतं. आम्ही बूट जमिनीलगत असतो, आम्हाला हे आधी कळतं. साहेबांनी मान न वळवता विचारलं, “घरातला बॉयलर तपासून घेतलास का? गॅसचा पाइप?”

“हो.”

“गुड. म्हणजे सगळं ठीक.”

दिली पोरीलाही पट्टी लावून! त्या दिवशी मी ठरवलं, जानेवारीत टिकायचं नाही.

जानेवारीत पांढरी, चौथी पट्टी आली. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं, गोट्यांवर बर्फाची साय होती, वारा कानफटात मारत होता. कड्याखालून चालताना मी सोल सोडून दिला. अख्खा. साहेब गुडघ्यावर आपटले आणि भरतीचं थंडगार पाणी मोज्यात शिरलं. पाणी वर चढत होतं, कड्यावर जायचा जिना अजून लांब होता.

“असं कसं झालं?” साहेब ओरडले. “चार पट्ट्या आहेत याला!”

अक्षदाने मला त्यांच्या पायातून ओढून काढलं. एक एक करून चारही पट्ट्या सोलून काढल्या.

“उलटा करून कधी बघितलात, बाबा?”

“अगं, पण...”

“मी ऑगस्टपासून ऑफिसला जात नाहीये. सकाळी उठवतच नाही मला. डॉक्टर झाले, औषधं चालू आहेत. तुम्ही ऑक्टोबरात येऊन गेलात, बॉयलर बघून गेलात.”

“मला सांगायचं नाहीस?”

“विचारलंत कधी?”

तिने मला परत त्यांच्या पायात चढवलं, गळ्यातला मफलर सोडून सोल माझ्याशी करकचून बांधला आणि त्यांना खांदा दिला. जिन्यापर्यंत दोघं एकमेकांना सावरत गेली.

मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी त्यांनी मला फहाहीलच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं, लाल पट्टी लावली आणि कापायला सुरी घेतली. सुरी टेकवली, तोच फोन वाजला.

“बाबा, पुढच्या महिन्यात येताय ना?”

साहेबांचे ओठ हलले. ‘बॉयलर’ अगदी जिभेवर होता, मी शपथेवर सांगतो. तो त्यांनी गिळला.

“अक्षदा, आज उठवलं का तुला?” त्यांनी विचारलं.

पलीकडे अक्षदाला रडू फुटलं. साहेबांनी मधे तोंड घातलं नाही.

मित्रांनो, मी त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही. तुम्हालाही एकच बजावतो. आपल्या माणसाला लांबून ‘ठीक’ म्हणून मोकळे होऊ नका. जवळ बसा, विचारा, आणि उत्तर येईपर्यंत हलू नका. साहेब, मला कापायचं तर खुशाल कापा. पण आधी फोनवरचं ते रडणं संपू द्या.