ढिगांची ओळ

वडील गेल्यापासून खडीला काही वाटायचंच बंद झालं होतं. चहा गरम आहे की गार, हे प्यायल्यावरही कळत नसे. लहानपणी खिशात सदा खडे, म्हणून वडिलांनीच तिला हे नाव ठेवलेलं. आता त्या नावानं हाक मारणारी घरात तिघंच उरली होती: आई, आत्या आणि मामा.

कॉलेजात तिला दोन्हीकडे जागा मिळत होती, भूशास्त्राला आणि पर्यावरण अभियांत्रिकीला. संध्याकाळपर्यंत एक धरायची होती, एक सोडायची.

"धर की एकदाची!" मामा म्हणाला. "दगडांच्या मागे लागून तुझ्या बापाचं काय भलं झालं? इंजिनिअर हो. लोक साहेब तरी म्हणतील."

"बाईला साहेब?" भांडी गोळा करता करता आत्या म्हणाली. "आणि गेलेल्या माणसाला बोल लावू नकोस. माझ्या भावानं किती घरांना पाणी काढून दिलं. तुझ्या घरालासुद्धा!"

"बोल कुठं लावला? मी आपलं व्यवहाराचं बोललो."

आईची प्रार्थना चालली होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

खडीचं खरं तर ठरल्यासारखंच होतं. भूशास्त्र. आवडीचा प्रश्नच नव्हता. वडील बोअर मारायचे. यंत्राची एकेक दांडी खाली गेली की वर येणारा चुरा ते फावडंभर बाजूला टाकत, ओळीनं. त्यांची शेवटची बोअर घरामागच्या अंगणातली. दाराजवळ तांबूस माती, मग पिवळसर मुरूम, मग करडा चुरा आणि पार कुंपणाशी काळ्या कठीण दगडाचा जाड चुरा. त्या साऱ्या ढिगांवर पत्रा टाकून ठेवलेला. ते ढीग जागेवर आहेत तोवर आपण दगडच शिकायचे, असं तिनं धरून ठेवलं होतं. म्हणजे आपल्याला काही ठरवायला नको.

दुपारी ती मागं गेली, तर पत्रा भिंतीला टेकवलेला. ढीग नव्हते.

"आत्या, इथला चुरा?"

"अगं, काय सांगू! त्यानं घासली तर सोन्यासारखी निघाली भांडी. ते करपलेलं पातेलंसुद्धा. उरलेला झाडून मोरीत लोटला. बघ, अंगण कसं मोकळं झालं." मग खडीचं तोंड बघून तिचा हात थांबला. "कामाचा होता का गं?"

"नाही," खडी म्हणाली.

रडू यायला हवं होतं. आलं नाही. आत्याच्या हातातल्या पातेल्यात तिचा चेहरा दिसत होता, शेजारच्या कुणाचा असावा तसा.

मोरीचं पाणी उघड्या नालीतून कुंपणाखालून रस्त्याकडे जाई. ती नालीशी उकिडवी बसली. पाण्यानं चुरा पुन्हा मांडला होता. जाड काळे कण मोरीच्या तोंडाशीच बसलेले, पुढे करडी रेघ, त्यापुढे पिवळा गाळ. तांबूस तेवढं थांबलंच नव्हतं, ते अजून वाहत होतं. वडिलांची ओळ उलटी झाली होती.

"मामा, हे पुढं कुठं जातं?"

"जातं कुठंतरी. गटार आहे ते, पाहुणा आहे का पत्ता सांगून जायला?"

"कुठंतरी म्हणजे कुठं?"

आई दारात येऊन उभी राहिली होती. "तळ्यात," ती हळूच म्हणाली. "बोअर व्हायच्या आधी आपण तेच पीत होतो. पलीकडची माणसं अजून पितात."

खडीनं आत जाऊन फोन घेतला, अभियांत्रिकीवर बोट ठेवलं आणि भूशास्त्र सोडून दिलं.

"बघा, शेवटी मामाचंच ऐकलं!" मामा म्हणाला. तिनं त्याला तसं समजू दिलं.

आई जवळ आली. "बाबांचं सोडलंस, वाईट नाही ना वाटत?"

"अजून काहीच वाटत नाही गं."

"असू दे. देवाला कसली घाई नसते. चहा ठेवतेस?"

खडीनं ते चकचकीत पातेलं घेतलं. विसळायला पाणी ओतलं, तर तळाशी दोन काळे कण राहिलेले. ते तिनं मोरीत जाऊ दिले नाहीत. बोटानं टिपले आणि जुन्या सवयीनं खिशात टाकले.