अकराची चासी

माझ्या नवऱ्याला पांढरा रंग आवडत नाही, हे मला लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर कळलं. आमचं घर पांढरं, त्याचा घोडा पांढरा, आणि निम्म्याहून जास्त डोकंही आता पांढरंच. पण डेलानं शेजारच्या ऑरिनची पांढरी पिकअप घ्यायचं ठरवलं तेव्हा मर्ल म्हणाला, पांढरी गाडी नको, बर्फात दिसत नाही. एवढं बोलून तो कॉफीच्या मगात बघत बसला, जणू पुढचं वाक्य तिथे तळाशी लिहिलंय.

डेला आमची एकुलती एक मुलगी. चोविसाव्या वर्षी तिला घाटापलीकडे मनासारखं काम मिळालं होतं, शिकारीला येणाऱ्या शहरी पाहुण्यांना डोंगरात नेणाऱ्या एका माणसाकडे. काम म्हणजे आठवड्यातून दोनदा आठ घोडे ट्रेलरमध्ये भरायचे आणि सॉमिल घाट चढून पलीकडे उतरायचा. शेवटचे सहा मैल असे, की ट्रेलर मागून ढकलत असतो आणि आपण पुढे स्टिअरिंगला धरून लहानपणीच्या प्रार्थना आठवत असतो. त्या उतारावर ज्याच्या गाडीचा खालचा सांगाडा, म्हणजे चासी, दगा देते, त्याला दुसरी संधी नसते. वायोमिंगच्या आमच्या कोपऱ्यात हे कुणी कुणाला समजावत नाही.

म्हणून इथे गाडी म्हणजे साल. धान्याच्या दुकानात मागच्या टेबलावर सकाळी जमणारी पुरुष मंडळी लग्नाच्या तारखा विसरतात, पण कुणाची पिकअप कुठल्या सालची, ते विसरत नाहीत. दोन हजार दहाची आणि अकराची वरून जुळ्या बहिणी. पत्रा तोच, दिवे तेच. फरक सगळा पोटाखाली. दहाच्या चासीचे पुढचे दांडे एका बाजूनं उघडे, पन्हाळीसारखे. अकराच्या वर्षी कंपनीनं ते चारी बाजूंनी बंद केले. मागचा ॲक्सलही जाड केला, त्याच्या मधल्या गोळ्याच्या झाकणाला बारा बोल्ट होते तिथे चौदा आले. दहाची घेऊन आठ घोडे ओढणारा कुणी दिसला, तर टेबलावरचे लोक त्याला गंभीर चेहऱ्यानं विचारतात, विमा कुणाच्या नावावर केलायस?

आणि ऑरिनकडे अकराची होती. आमच्या पूर्वेचं रान त्याचं. वय शहाहत्तर, गुडघे गेलेले, त्या हिवाळ्यात गावात राहायला जायचं ठरवलेलं, म्हणून गाडी विकायची. त्या गाडीची चासी आणि ॲक्सल मी इतक्यांदा ऐकलेत की झोपेत म्हणून दाखवीन. मी भेटले की तो बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "अकराची आहे पोरी. घाट हिला बघून वाकतो." शुक्रवारी डेलानं त्याच्याशी हात मिळवला. हात मिळवला की व्यवहार झाला, कागद नंतर सावकाश.

शनिवारी मर्लनं टायर काढले. म्हणजे विषय काढला. टायर झिजलेत म्हणाला. डेला म्हणाली, बदलीन. मग सीट कडक आहे म्हणाला. मग म्हणाला, इतक्या लांब काम करायचंच कशाला, गावातल्या पशुवैद्याला मदतनीस हवाय. डेला हसली आणि उठून गेली, पण मी हसले नाही. आधी मला वाटलं, पोरगी लांब चालली म्हणून हा कारणं शोधतोय. तसं असतं तर तो घोड्यांबद्दल बोलला असता, हिवाळ्याबद्दल, त्या शिकारीवाल्या माणसाबद्दल. हा फक्त गाडीबद्दल बोलत होता. आणि बोलताना माझी नजर चुकवत होता.

मी त्याला सरळ विचारलं की ऑरिनच्या गाडीत काही खोट आहे का. गेली कित्येक वर्षं तिचं ऑइल हाच बदलतो. मर्ल म्हणाला, इंजिन घड्याळासारखं आहे. मी म्हटलं, इंजिनाचं विचारलं नाही. तर त्याला एकदम आठवलं की कोंबड्यांचं दार उघडं राहिलंय. आमच्या कोंबड्या दोन वर्षांपूर्वी कोल्ह्यानं नेल्या.

तेव्हा माझी खात्री झाली. ऑरिन काहीतरी लपवतोय, ते मर्लला माहीत आहे, आणि शेजारधर्म म्हणून हा तोंड शिवून बसलाय. आपल्या पोरीच्या जिवावर शेजारधर्म.

आता इथली एक रीत सांगायला हवी. शेजाऱ्याची गाडी घेताना आम्ही तिच्याभोवती फिरतो, टायरला लाथ मारतो, बॉनेट उघडून मान डोलावतो. तिच्याखाली शिरत नाही. अनोळखी माणसाच्या गाडीखाली टॉर्च घेऊन अर्धा दिवस पडून राहू, पण शेजाऱ्याच्या गाडीखाली शिरणं म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. माझ्या सासऱ्यांनी अशाच एका कारणावरून एका माणसाशी एकोणीस वर्षं अबोला धरला होता, आणि तो त्यांचा मेहुणा होता.

रविवारी मी डोकं दुखतंय म्हणाले. मर्ल आणि डेला चर्चला गेले, ऑरिनही तिथेच असणार, प्रार्थनेनंतर तळघरातल्या कॉफीला तो शेवटपर्यंत बसतो. मी त्याचं केकचं रिकामं भांडं घेतलं, कुणी बघितलंच तर परत करायला आले म्हणायला, आणि त्याच्या आवारात गेले. त्याच्या कुत्रीनं मला हुंगलं, भांडं हुंगलं, आणि रिकामं आहे कळल्यावर उन्हात जाऊन झोपली.

गाडीच्या दारावरची पट्टी वाचली. साल अकरा. ठीक. मग खाद्याचं रिकामं पोतं अंथरलं आणि त्रेपन्नाव्या वर्षी, गुडघे-कोपर मोजत, मागच्या बाजूनं खाली शिरले. झाकणावरचा चिखल पुसून बोल्ट मोजले. चौदा. परत मोजले, चौदाच. ॲक्सल अकराचाच, कुठे थेंबभरही तेल गळत नव्हतं. मला ऑरिनची लाज वाटली. भल्या माणसावर आपण चोरासारखा संशय घेतला. तेवढ्यावर मी घरी गेले असते, पण एवढं कपडे खराब करून अर्धंच बघायचं, हे माझ्या स्वभावात नाही. मी पोतं ओढत पुढे सरकले आणि इंजिनाखालच्या दांड्याला हात लावला.

बोटं आत वळली.

मी हात काढला आणि परत लावला. दांडा एका बाजूनं उघडा होता. पन्हाळ. दुसऱ्या बाजूचाही तसाच. मागे अकराचा ॲक्सल, पुढे दहाची चासी, वर अकराचं दार. एका गाडीत दोन सालं, आणि ज्या सालावर भार पडणार तेच दुबळं. ऑरिनबद्दलची लाज जागच्या जागी आटली. बारा-तेरा वर्षं बॉनेटवर थापा मारतोस, म्हाताऱ्या.

मग मी कोटाच्या खिशातला टॉर्च काढून मागे फिरवला. अकराच्या ॲक्सलच्या स्प्रिंग-पाट्यांचे हुक दहाच्या चासीवर नीट बसत नाहीत, रुंदी वेगळी पडते, म्हणून कुणीतरी ते कापून नव्यानं वेल्डिंग केले होते. काम झकास होतं. एकसारखे टाके, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक छोटा मागे वळलेला, गळासारखा आकडा. ओळ संपली तरी हाताला थांबवत नाही तसा.

तो आकडा आमच्या फाटकाच्या बिजागरीवर आहे. पाण्याच्या टाकीवर आहे. स्टोव्हच्या पायावर तर मी तो रोज फडक्यानं पुसते. या जिल्ह्यात असं वेल्डिंग करणारा एकच माणूस आहे, आणि तो त्या वेळी चर्चमध्ये माझ्या डोकेदुखीसाठी प्रार्थना करत होता.

दुपारी मी नेहमीसारखं बीन्सचं तिखट कालवण आणि दालचिनीचे रोल केले. डेला वाटेतच मैत्रिणीकडे उतरली होती. मर्ल जेवायला बसला, इथे सगळे बुडवतात तसा रोल कालवणात बुडवला, आणि मी विचारलं, "ऑरिनच्या गाडीखाली दहाची चासी कधी घातलीस?"

रोल कालवणातच राहिला.

त्यानं चमचा बाजूला ठेवला. मग बोलायला लागला तर थांबेना. आठ वर्षांपूर्वी ऑरिनचा मुलगा कोल्बी, तेव्हा एकोणीस वर्षांचा, बापाला न विचारता गाडी घेऊन गेला आणि घाटाच्या पायथ्याशी ट्रेलरसकट नाल्यात घसरला. पत्रा वाचला, चासी वाकली. ऑरिन तेव्हा पहिल्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दहा दिवस दवाखान्यात होता. पोरगं रडत मर्लकडे आलं. भंगारवाल्याकडे मिळाली ती दहाची. ॲक्सल जुनाच वाचला होता, तो परत बसवला. दोघांनी दिवसरात्र खपून बाप घरी यायच्या आत गाडी उभी केली. कोल्बीनं शब्द घेतला, की बाबांना कधी कळता कामा नये. आणि रीतीप्रमाणे गाडीखाली कुणी शिरलं नाही.

कोल्बी आता नॉर्थ डकोटात तेलाच्या विहिरींवर. मर्लनं आठवड्यात त्याला चारदा फोन केला होता, शब्दातून मोकळं कर म्हणायला. तो उचलत नव्हता.

"आणि हा म्हातारा आठ वर्षं त्या चासीवर गुरं ओढतोय?" मी विचारलं.

"दर शरद ऋतूत मी मागून जातो की. टायर आणायचेत, बी आणायचंय, काहीतरी सांगून. खाली पोहोचला की परत येतो."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्या फेऱ्या मला आठवत होत्या. घाटापलीकडच्या हॉटेलात एक लाल केसांची बाई कॉफी वाढते, आणि दोन शरद ऋतू मी तिच्याबद्दल जे काही मनात आणलं, ते इथे लिहिणार नाही.

"डेलाच्या मागून आठवड्यातून दोनदा जाणार होतास?"

"विचार केला होता," मर्ल म्हणाला. "जमलं असतं."

तो खरंच तसं म्हणत होता. माझा राग कुठे ठेवावा मला कळेना. तो म्हणाला, मी शब्द दिलाय, अर्लिस. मी म्हटलं, मी नाही दिला, आणि कोट घातला. दाराशी पोहोचले तर तो मागे टोपी शोधत होता.

ऑरिन आवारातच होता. मी उभ्या उभ्या सांगितलं, काही न गाळता. चासी दहाची, मी स्वतः हात लावून बघितली. कोल्बीचं नाव मी घेतलं नाही. ते घ्यायचं काम माझं नव्हतं.

"तू माझ्या गाडीखाली शिरलीस?" ऑरिन म्हणाला.

"शिरले."

"मी चर्चमध्ये असताना."

"हो."

चासीबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. त्याचा चेहरा आधी लाल झाला आणि मग रंग उतरला. मला वाटलं, आता एकोणीस वर्षं. मग त्यानं मर्लकडे बघितलं. मर्लनं टोपी काढून हातात धरली होती, अंत्यविधीला धरतात तशी. ऑरिन बराच वेळ त्या टोपीकडे बघत राहिला. मग पोतं ओढून घेतलं आणि खाली बसायला लागला. मर्ल पुढे झाला तर म्हणाला, लांब राहा. तो एक एक गुडघा टेकवत, कण्हत, गाडीखाली दिसेनासा झाला. बाहेर फक्त बूट राहिले.

आतून दांड्यावरून तळहात फिरल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मर्ल, हे टाके तुझे."

"माझे."

"गुडघ्याच्या वेळी?"

"हो."

बूट हलले नाहीत. पुढचा प्रश्न येईल म्हणून आम्ही दोघं वाट बघत होतो, आणि मर्लनं काय उत्तर दिलं असतं ते मला आजही माहीत नाही. पण ऑरिननं विचारलंच नाही. तो दवाखान्यात असताना घरी एकच जण होता.

बाहेर आला तेव्हा केसांत गंज अडकला होता. मी झटकायला हात पुढे केला, त्यानं झटकू दिला. म्हणाला, डेलाला सांगा, गाडी विकायची नाही.

"कारण काय सांगू?" मी विचारलं.

"म्हातारा फिरला म्हणावं."

"हात मिळवला होतात तुम्ही. लोक तेच धरून बसतील."

"बसू देत," तो म्हणाला. "माझी जायची वेळ झालीय. पोराला अजून इथे परत यायचंय."

लोक तेच धरून बसले. बुधवारपर्यंत धान्याच्या दुकानातल्या टेबलावर ऑरिनची खुर्ची टेबलापासून काढून भिंतीला लावली होती. पन्नास वर्षांचं नाव, आणि शेवटी एका पोरीशी मिळवलेला हात मोडला. डेलाला शिकारीवाल्यानं या मोसमापुरती स्वतःची गाडी दिली, तिचं काम गेलं नाही. पण ती जेवताना ऑरिनबद्दल जे बोलली, ते ऐकून मर्ल ताटात बघत राहिला. खोटारडा, म्हणाली. वरून गोड, आतून सडका. बाबा, तुम्ही दरवर्षी त्याचं ऑइल बदलता, यापुढे बदलू नका.

मर्ल म्हणाला, बघू.

मी म्हटलं, कालवण घे अजून.

डेलाचा चमचा थांबला. तिनं बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत बापाकडे.

"तुम्ही दोघं त्याच्यावर चिडत का नाही?" तिनं विचारलं.

मी कालवणाचं पातेलं उचलून स्टोव्हकडे वळले. पाठीमागे ती बापाचं ऑइल बदलणं आणि आमचं न चिडणं एकमेकांना जोडत होती, ते मला न बघता कळत होतं.