म्हशीच्या पोटात वाजलेला मोबाईल

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा मोबाईल आहे. माझी काच तडकली आहे आणि माझा मुक्काम गडमुडशिंगीतल्या एका घरात, खिळ्यांच्या डब्यात आहे. पण एके काळी मी म्हशीच्या पोटात वाजलो होतो. खोटं वाटतं? ऐका तर.

मला या घरच्या ज्ञानूमामांनी कोल्हापुरातून, राजारामपुरीतल्या दुकानातून आणलं. एकदा धार काढताना मी त्यांच्या खिशातून पेंडीच्या पाटीत पडलो आणि चंद्री म्हशीने मला पेंडीबरोबर गिळलं. दिवसभर मी आत वाजत होतो. सगळी गल्ली गोळा झाली.

"मामा, म्हशीला कुणाचा फोन आलाय बघा की!" डेअरीवाला बाळासो ओरडला.

दुसऱ्या दिवशी मी शेणातून बाहेर आलो, तो भरल्या बॅटरीने. तेव्हापासून गावात माझा मान वाढला.

२००९ साली एका कंपनीचा साहेब चावडीसमोर मोठी छत्री लावून बसला. "मामा, पैसे आता मोबाईलमध्ये ठेवा. चोरीची भीती नाही, बँकेत रांग नाही. फक्त गुप्त आकडा कुणाला सांगू नका. बायकोलासुद्धा नाही."

सगळे हसले. मामांच्या बायकोला, चिमणाबाईला, मात्र हसू आलं नाही. "मग मला पैसं लागलं तर?"

"तू गप गं. सायेब शिकल्यालं हाईत," मामा म्हणाले.

चंद्रीचं दूध आटलं होतं. मामांनी तिला विकलं आणि पैसे साहेबाकडे भरून माझ्यात ठेवले. तिने मला गिळलं होतं, आता मी तिला गिळलं! मला काय ऐट आली म्हणून सांगू.

पुढे पावसाळ्यात मामांना अर्धांगवायूचा झटका आला. कोल्हापुरातल्या दवाखान्यात आधी पैसे भरा म्हणाले. चिमणाबाईने मला कानाला लावून कंपनीला फोन केला.

"खातेदाराचं नाव सांगा," पलीकडून मुलगी म्हणाली.

"आमचं मालक."

"नाव, आजी."

"आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, बाई. लग्नात उखाण्यात घेतलंतं तेवढंच. उखाणा चालंल काय?"

"नावाशिवाय पुढे जाता येत नाही."

चिमणाबाईने पदर तोंडावर ओढला. "ज्ञानू," ती म्हणाली.

खाटेवर मामांनी डोळे उघडले. उभ्या संसारात त्या तोंडून आपलं नाव त्यांनी असं कधी ऐकलं नव्हतं.

"धन्यवाद," मुलगी म्हणाली. "आता त्यांचा गुप्त आकडा सांगा. नाहीतर त्यांनाच बोलू द्या."

चिमणाबाईने मला मामांच्या तोंडाशी धरलं. "सांगा की ओ! आकडा सांगा!"

मामांचे ओठ हलले. लाळ गळली. "आँ... आँ..." एवढंच.

माझी बॅटरी भरलेली होती, रेंजही होती. माझ्यात काहीच बिघाड नव्हता, मित्रांनो.

चिमणाबाईने गळ्यातली सोन्याच्या पुतळ्यांची माळ गुजरी पेठेत सोनाराकडे मोडली. मामा वाचले, पण वाचा गेली ती गेलीच. ते घरी येईपर्यंत कंपनीच्या कचेरीला कुलूप लागलं. चावडीपुढची छत्री तर कधीच उडाली होती.

आम्हा मोबाईलांना जपा, असं मी म्हणणार नाही. मला पुष्कळ जपलं. मोबाईलमध्ये पैसे जरूर ठेवा. पण आधी ते काढायची वाट घरातल्या बाईला दाखवा, आणि खात्यावर तिचंही नाव घाला.

चंद्रीच्या पोटातून मी एका दिवसात बाहेर आलो. माझ्या पोटातून चंद्री अजून बाहेर आलेली नाही.