बातम्या संपेपर्यंत खाली जाणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी फिरती खुर्ची आहे आणि मला एक खोड आहे. भारदस्त माणूस बसला की मी हळूहळू खाली जाते, अजिबात आवाज न करता. ही खोड जन्मजात नाही, मला ती लावली गेली. कोणी लावली ते मी लपवणार नाही.

माझा जन्म बेंगळुरूच्या एका कारखान्यात झाला. बँकेच्या उंच खिडकीमागे बसणाऱ्या रोखपालासाठी मला बनवलं होतं, म्हणून माझा दांडा चांगला लांब. बँकेला माझा रंग पसंत पडला नाही आणि मी दावणगेरेला ‘बेळकु वार्ता’ या केबल वाहिनीत येऊन पडले. वाहिनी म्हणजे मुरिगेप्पांच्या तांदळाच्या गिरणीवरचा मजला. मागे भिंतीवर कर्नाटकाचा मोठा नकाशा, पुढे टेबल, समोर कॅमेरा. खाली गिरणी सुरू झाली की वर बातम्या थरथरायच्या. लोकांना वाटायचं, बातमीच तशी गंभीर असेल.

माझ्यावर बसायचे तिप्पेस्वामी, मुरिगेप्पांचे मेहुणे. उंचीला बेताचे, रुंदीला सढळ, आणि मिशी अशी की त्यांना नेमलं ते तिच्यासाठीच. माणूस मनाने सोन्यासारखा, पण बातमी आधी एकदा नजरेखालून घाला म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. एकदा जाहिरात चालू आहे असं समजून त्यांनी दोन मिरची भजी खाल्ली आणि साऱ्या गावाने ती चटणीसकट पाहिली. एकदा कापड दुकानदार रेवणसिद्दप्पांच्या साठीच्या शुभेच्छा त्यांनी श्रद्धांजली समजून, डोळे पुसत वाचल्या. संध्याकाळी रेवणसिद्दप्पा स्वतः जिना चढून आले. सगळ्यांची पाचावर धारण बसली. ते म्हणाले, “मी जिवंत आहे. पण फोटो झकास होता. उद्या परत दाखवा.”

दिवसातून तीन वेळा हा भार सोसून चौथ्या वर्षी माझ्यातला हवेचा पंप गेला. तिप्पेस्वामी ‘नमस्कार’ म्हणाले की मी निघायचे, आणि बातम्या संपेपर्यंत तळाला पोचायचे. कॅमेरेवाला हालेश मोठा हिकमती. ते जसे खाली जातील तसं तो कॅमेऱ्याचं तोंड खाली करत जायचा. पडद्यावर तिप्पेस्वामी जागच्या जागी दिसत. मागचा नकाशा तेवढा वर सरकायचा. बातम्या सुरू होताना त्यांच्या कानाशी बिदर असायचं, संपताना म्हैसूर.

या बातम्या लिहायची नागवेणी. सहा वर्षं ती मोठ्या पुठ्ठ्यांवर ठळक अक्षरांत बातम्या लिहून, कॅमेऱ्याखाली बसून ते पुठ्ठे धरायची आणि तिप्पेस्वामी बघून वाचायचे. दुपारी सगळे जेवायला गेले की ती माझ्यावर येऊन बसायची आणि बंद कॅमेऱ्याकडे बघत सगळ्या बातम्या वाचायची. एवढीशी ती पोर. तिच्याखाली मी बोटभरही खाली गेले नाही. तिचं वाचणं ऐकून मला वाटायचं, हे गावाने ऐकायला हवं. एकदा तिने धीर करून मुरिगेप्पांना विचारलं, “सार, एखाद्या दिवशी मी वाचू का?”

“तू लिहितेस छान. लिहीत राहा,” मुरिगेप्पा म्हणाले. “लोक मिशी बघून चॅनल लावतात. मिशी कुठून आणशील?”

त्या दुपारी ती माझ्यावर बसली, पण वाचलं काहीच नाही. मला फार वाईट वाटलं.

पुढे नवा कॅमेरा आला, नवी खुर्ची आली. मला जिन्यात ठेवलं. माझ्यावर डबे, छत्र्या आणि कोणाकोणाच्या चपला. दसरा झाला की भंगारवाला येऊन मला नेणार होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, अवजारं पुजायच्या आयुधपूजेला, मुरिगेप्पांच्या आई, गौरम्मा अज्जी, स्वतः वर आल्या. नव्या कॅमेऱ्याला कुंकू, नव्या खुर्चीला झेंडूचा हार, तिच्या चाकांखाली लिंबं. मग त्यांनी फर्मान काढलं, “कुंकू लागलेल्या सामानाला उद्या सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. त्यालाही विसावा हवा.”

“अव्वा, मग दुपारी एकच्या बातम्या?” मुरिगेप्पांनी विचारलं.

“जुन्या सामानावर वाचा. नाहीतर वाचू नका. मला तसंही त्यातलं काही कळत नाही.”

म्हणून मला जिन्यातून आत नेलं. जुना कॅमेराही माळ्यावरून उतरवला. त्याची मान गंजून आखडली होती, वर होईना की खाली. हालेशने माझ्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

एक वाजला. तिप्पेस्वामी ‘नमस्कार’ म्हणाले आणि मी निघाले. जिन्यात पडून माझा पंप आणखीच खचला होता, आता मी भराभर टेबलाच्याही खाली चालले होते. मी खूप आवरलं स्वतःला, पण देहापुढे इलाज नाही.

“भद्रा धरणाची पाणीपातळी सकाळपासून दोन फुटांनी वाढली आहे,” तिप्पेस्वामींनी वाचलं, आणि त्यांची मिशी टेबलाला टेकली. “पातळी सतत वाढत आहे.” नाक गेलं. बाहेर फोन खणाणला. मुरिगेप्पांनी उचलला, तर कोणी म्हातारा कळवळून सांगत होता, “अहो, त्यांना कोणीतरी हात द्या.”

“अण्णा, उठा,” हालेश कुजबुजला. पण बातम्या चालू असताना घर पेटलं तरी उठायचं नाही, हा मुरिगेप्पांचा नियम होता. शेवटी टेबलावर नुसतं कपाळ उरलं आणि वाचन थांबलं. तिप्पेस्वामींना पुठ्ठा दिसेनासा झाला होता.

नागवेणीच्या हातातला पुठ्ठा सगळ्यात महत्त्वाचा होता. तीन वाजता धरणाचे दरवाजे उघडणार होते. नदीकाठच्या लोकांनी त्याआधी गुरं हलवायला हवी होती. तिने एकदा दाराकडे पाहिलं, मग पुठ्ठा घेऊन सरळ टेबलामागे आली.

“अण्णा, बाजूला व्हा.”

“तूच बस बाई,” तिप्पेस्वामी टेबलाखालून म्हणाले. “मला टेबलाच्या पायांशिवाय काही दिसत नाहीये.” आणि ते घसरून जमिनीवर बसले.

तिने माझी कळ ओढली, मी वर आले आणि ती बसली. तिचा आवाज जराही हलला नाही. किती वाजता पाणी सुटणार, गुरं कुठे न्यायची, तिने दोनदा सावकाश सांगितलं. मी जागची हलले नाही.

बातम्या संपल्या. पूजेच्या कुंकवाने लाल झालेले हात घेऊन मुरिगेप्पा आत आले. तोंड उघडणार, तोच मागून अज्जी आल्या.

“या पोरीचा मला शब्दन् शब्द कळला,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मला वाटत होतं, माझे कान गेलेत.”

“अव्वा बरोबर बोलतात, दाजी,” तिप्पेस्वामी टेबलाखालून म्हणाले. “बातमी काय आहे ते मलाही आज पहिल्यांदाच कळलं.”

मुरिगेप्पांनी हात पुसले. मग म्हणाले, “उद्यापासून एकच्या बातम्या नागवेणी वाचेल. नव्या खुर्चीवर.”

“वाचते, सार. पण खुर्ची हीच हवी,” नागवेणी म्हणाली.

भंगारवाला रिकाम्या हातांनी परत गेला. तिप्पेस्वामी आता गावोगावच्या खानावळींत जाऊन जेवतात आणि चव सांगतात. कॅमेऱ्यासमोर मिरची भजी खाणं हेच त्यांचं काम झालंय आणि ते जीव ओतून करतात. यंदाच्या आयुधपूजेला अज्जींनी मलाही कुंकू लावलं. त्या दिवशी नागवेणीने उभं राहून बातम्या वाचल्या. मी गळ्यात झेंडूचा हार घालून कोपऱ्यातून ऐकत होते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादी खुर्ची खचली की तिला लगेच जिन्यात काढू नका. आधी एकदा बघा, तिच्यावर बसवलंय कोणाला.