अकरा बटणं

माझ्या दुकानात, दारातून शिरल्यावर उजव्या हाताला, एका लाकडी फळीवर अकरा बटणं आहेत. रोज संध्याकाळी साडेसहाला मी ती वरून खाली सलग दाबत जातो. मोजत नाही, बघतही नाही. सहा वर्षांची सवय, हात आपोआप चालतो.

मी इलेक्ट्रिशियन. खाली दुकान, वर घर. शहराबाहेर मोठा मॉल झाला आणि आमच्या या जुन्या बाजारातली दुकानं एकेक करून बंद पडली. जाताना प्रत्येकाने किल्ली माझ्या हातात ठेवली, ‘जरा लक्ष असू द्या’ म्हणून. मी लक्ष काय देणार, कपाळ. पण माझी बायको दवाखान्यातली ड्युटी संपवून परत यायची तेव्हा अख्खा रस्ता काळाठिक्कर असायचा. खांबावरचे दिवे तेव्हा असून नसल्यासारखेच. एके दिवशी ती ठेचकाळून पायाचा अंगठा धरत आली आणि म्हणाली, “अहो, नवरा वायरमन आणि बायको अंधारात धडपडतेय. लोकांना सांगायची तरी सोय आहे का?”

मला अशा मिरच्या झोंबल्या की महिन्याभरात मी मालकांना विचारून प्रत्येक बंद दुकानात एक दिवा लावला आणि सगळ्या तारा माझ्या फळीवर आणल्या.

तेवढ्यावर थांबली असती तर ती माझी बायको कसली. नुसता दिवा भकास दिसतो, म्हणून तिने काचेमागे सजावट सुरू केली. चपलांच्या दुकानात जुने बूट पॉलिश करून मांडले. भांड्यांच्या दुकानात आमच्याच घरातली पातेली नेऊन ठेवली. मी आठवडाभर दूध कढईत तापवलं. कापडवाला दोन पुतळे सोडून गेला होता, त्यांना ती थंडीत स्वेटर घालायची. त्यांची नावंही ठेवली होती, साहेब आणि मावशी. माझा स्वेटर साहेबांच्या अंगावर आणि मी कुडकुडतोय, असेही दिवस काढलेत मी.

मग दोन-तीन वर्षांपूर्वी नगरपालिकेला जाग आली. नवी फरशी, बाकं, रोपटी. वरच्या मजल्यांवरच्या रिकाम्या खोल्यांत जोडपी राहायला आली. सायकल दुरुस्त करणारी एक बाई आली, चष्मेवाला आला, कॉफीवाला आला, मागोमाग आणखीही आले. कॉफीवाल्याच्या खुर्च्या अशा, की बसलं की गुडघे कानाला लागतात. पहिल्या दिवशी मी नाक मुरडून परत आलो. आता रोज जातो. नवं कुणी आलं की मी माझी तार काढून घ्यायचो. बटण मात्र फळीवर तसंच, आणि माझा हात अकराच्या अकरा दाबत राहायचा.

असं सगळं मार्गी लागत असतानाच आमच्या दादांनी बेकरी बंद केली.

दादा म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. शेजारच्याच इमारतीत खाली बेकरी, वर त्यांचं घर. चाळीस वर्षं हा माणूस पहाटे उठून भट्टीपुढे उभा राहिला, आणि मग पाठीने संप पुकारला. मुलगा दुसऱ्या गावी असतो, तो मागे लागला, “बाबा, आता माझ्याकडे चला.” दादांनी त्याला एवढंच कबूल करायला लावलं होतं: भट्टी चालवायला कुणी मिळालं तर मी इथेच, वर राहीन, नाही मिळालं तर महिन्याच्या शेवटच्या रविवारी टेम्पो घेऊन ये. मुलगा म्हणाला, बरं.

दादा आणि मी दुपारी चारचा चहा बावीस वर्षं एकत्र घेतोय. त्यात आमचं रोज भांडण होतं. हा माणूस गेला तर मी भांडू कुणाशी? बायकोशी भांडून उपयोग नाही, ती जिंकते.

बायकोला भावाचं दुकान अंधारात बघवेना. तिने मला सायकलवालीकडून सुटलेली, फळीवरच्या सगळ्यात खालच्या बटणाची तार बेकरीला जोडायला लावली. मग थर्माकोलचे पाव कापले, रंगवले आणि फळ्यांवर मांडले. खालचा पसारा दिसू नये म्हणून काचेच्या अर्ध्या भागाला बटरपेपर चिकटवला. साहेबांना दादांचा एप्रन घालून काउंटरमागे उभं केलं, मावशींना गिऱ्हाईक म्हणून पुढे. दादा बघायला आले. एकेक पाव निरखला. मग म्हणाले, “डावीकडचे चार करपलेत.”

“दादा, रंग आहे तो,” बायको म्हणाली.

“मग करपलेला रंग कशाला दिलास?”

शेवटच्या रविवारच्या आधीचा शुक्रवार. एक बाई दुकान बघायला येणार होती. बारा वर्षं एका मोठ्या हॉटेलात पाव-केक करणारी, आता स्वतःचं काही करू बघणारी. दुपारी एकला येणार होती. दादा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर बसले. एक वाजला, तीन वाजले. पाच वाजता ते माझ्या दुकानात आले आणि तोंड पाडून स्टुलावर बसले. चहाही नको म्हणाले.

साडेसहाला मी बटणं दाबली. थोड्या वेळाने दादांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, “कसली गिऱ्हाइकं?” असं दोनदा विचारलं आणि फोन ठेवला.

“बाई चक्रम दिसतेय,” ते म्हणाले. “गाडी रस्त्यात बंद पडली म्हणून उशीर झाला, म्हणते. टॅक्सीतून दुकान बघितलं, म्हणते. मालक काउंटरवर, गिऱ्हाईक पुढे, फळ्या भरलेल्या. दुकान दिलं होतं तर मला कशाला बोलावलंत, म्हणून मलाच झापलं. स्टँडवर चाललीय परत.”

बायको त्याच क्षणी दवाखान्यातून आली होती, अजून पर्सही खांद्यावरून काढली नव्हती. “माझे साहेब,” ती म्हणाली. “माझी मावशी. दादा, मीच घालवली रे तिला.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं ती माझ्यावर ओरडली, पण तिचं रडणं मला सोसत नाही.

मी दादांच्या हातातून फोन घेऊन बाईला लावला. “अहो बाई, ती माणसं नाहीत, पुतळे आहेत. पाव थर्माकोलचे आहेत.”

“काय?”

“रस्ता उदास दिसू नये म्हणून. मीच करतो. या अख्ख्या रस्त्याला मी उजेड देतो.”

बघा, इथे माझा मोठेपणा आडवा आला. बाई सावकाश म्हणाली, “म्हणजे बाकीची दुकानंही खोटीच? मग त्या रस्त्यावर पाव विकू कुणाला, पुतळ्यांना?”

दादा आणि बायको माझ्या तोंडाकडे बघत होते. माझं डोकं फिरलं, तिच्यावर नव्हे, स्वतःवर. मी म्हणालो, “तुमची गाडी किती वाजता आहे?”

“साडेसातला.”

“स्टँड पाच मिनिटांवर आहे. परत या. तुम्ही आलात की सगळे दिवे बंद करतो. जे उरेल ते खरं. ते बघा आणि मग खुशाल जा.”

बोलून गेलो खरा, पण फोन ठेवल्यावर फळीकडे नजर गेली. सहा वर्षांत संध्याकाळी ती बटणं मी कधी बंद केली नव्हती. डोळ्यांपुढे जुना काळाठिक्कर रस्ता आला. दादा म्हणाले, “वायरमन, राहू द्या. अंधार बघून जाण्यापेक्षा ती रागाने गेलेली बरी.”

टॅक्सी आली. बाई उतरली. पन्नाशीकडे झुकलेली, मजबूत मनगटांची, कपाळावर आठ्या. हाताची घडी घालून रस्त्याच्या मध्ये उभी राहिली. दादा आणि बायको तिच्या शेजारी. मी आत गेलो, डोळे मिटले आणि अकरा बटणं खालून वर बंद केली.

मी दारात आलो.

चपलांचं दुकान विझलं होतं. भांड्यांचं, कापडाचं आणि बेकरी. एवढी चारच. बाकी रस्ता होता तसाच उजळलेला. सायकलवाली चाक फिरवत होती. चष्मेवाला कुणाच्या तरी नाकावर फ्रेम बसवत होता. कॉफीवाल्याकडे गुडघे कानाला लावून सात-आठ जण बसले होते. वरच्या मजल्यांवर खिडकीमागून खिडकी पेटलेली. एकीत कुणी कांदा चिरत होतं, दुसरीत एक मुलगी पलंगावर उड्या मारत होती.

एकेक दुकान गेलं तेव्हा मला टोचलं होतं. एकेक आलं, ते मी मोजलंच नव्हतं. अख्ख्या रस्त्याला उजेड देणारा मी, आणि सात बटणं कधीपासून नुसतीच दाबत होतो. आयुष्यात इतका छान पोपट माझा कधी झाला नव्हता.

बाईने रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. मग कॉफीवाल्याकडे बोट केलं. “हे लोक कॉफीबरोबर खातात काय?”

“पुड्यातली बिस्किटं,” बायको म्हणाली.

“शी,” बाई म्हणाली आणि दादांकडे वळली. “भट्टी दाखवा.”

दादांनी कुलूप काढलं. मी बेकरीचं एकच बटण परत दाबलं. मी पोचलो तेव्हा ती भट्टीत खांद्यापर्यंत हात घालून विटा चाचपत होती आणि दादा, पाच वाजल्यापासून मान टाकून बसलेला माणूस, तिला सांगत होता, “डावा कोपरा जास्त तापतो, त्याच्याशी गोडीगुलाबीने वागायचं.” साडेसातची गाडी तिच्याशिवाय गेली. रविवारी मुलगा टेम्पो घेऊन आला, त्याला तिचं सामान आणायला पिटाळलं.

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला मी फळीपाशी उभा राहिलो. हात नेहमीसारखा वरून खाली चालला. शेवटच्या बटणावर आला तेवढ्यात बायकोने मागून मनगट धरलं.

“ते राहू द्या,” ती म्हणाली. “तिथे माणसं आहेत.”