मशीनचं विचारणं

"चार तर स्क्रू आहेत, काकू," म्हणत मेकॅनिकने कॉम्प्युटरचं मशीन आडवं केलं.

खुर्चीतले हे एकदम ताठ झाले. "हात लावू नका! परवानगी कोणाची?"

"बाबा, तुमच्याच सोयीसाठी चाललंय," लेक म्हणाली.

यांच्या पाणीपुरवठा कार्यालयात शहरभरच्या नळांचे नकाशे याच मशीनमध्ये असत, आणि पासवर्ड फक्त यांना ठाऊक. हाताखालचे लोक यांना 'कुलूप' म्हणायचे. हे टाइप करेपर्यंत साहेबसुद्धा दारात थांबायचे. मशीन भंगारात निघालं तेव्हा हे ते घरी घेऊन आले. नकाशे केव्हाच पुसले होते, तरी रोज अंघोळ झाली की इस्त्रीचा शर्ट घालून हे त्याच्यासमोर बसायचे. मी चहा घेऊन आले की डाव्या हाताने बोटं झाकून म्हणायचे, "तोंड फिरव."

"माहेरी जाऊन सांगेन असं वाटतं की काय?" मी चिडवायची. पण भिंतीकडे बघायची.

मग विसरणं सुरू झालं. आधी वार, मग गल्ली, मग लेकीचं नाव. बोटांना मात्र पासवर्ड आठवत होता. गेल्या महिन्यात बोटंही विसरली. मशीन आत घेईना. हे जेवणवेळेपर्यंत टाइप करत राहायचे आणि मग लहान मुलासारखे रडायचे. ते बघवेना म्हणून लेकीने मेकॅनिक बोलावला.

त्याने मागचा पत्रा काढून नाण्याएवढा सेल उचकटला. "जुन्या मशीनचा पासवर्ड या सेलच्या जिवावर. पुढच्या दाराला कितीही कुलपं घाला, काकू, मागची भिंतच निघते!"

थोड्या वेळाने सेल परत बसवून त्याने बटण दाबलं. मशीन मुकाट्याने सुरू झालं.

"घ्या. आता कुणीही उघडा."

हे पडद्याकडे बघत राहिले. "विचारत का नाही?"

"आता नाही विचारणार, बाबा. गेली कटकट."

"मग मी आलोय हे त्याला कसं कळणार?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मेकॅनिक खाली वाकून हत्यारं गोळा करू लागला.

दोघं गेल्यावर मी चहा घेऊन आत गेले. हे इस्त्रीचा शर्ट घालून मशीनसमोर बसले होते. डावा हात बोटांवर आडवा धरलेला. चाहूल लागताच वळले, मला नीट न्याहाळलं.

"जरा तोंड फिरवता का, बाई?"

मी भिंतीकडे वळले. कपातला चहा निवत गेला. मागे एकही बटण वाजलं नाही.