मैनाची गोफण

मैना म्हणजे मीच, खेळातली. पेणला माझा धाकटा भाऊ निलेश आणि त्याचे मित्र रवी, साहिल दर रविवारी कारखान्याच्या माळ्यावर, गणपतींच्या साच्यांमध्ये बसून खेळतात. खेळ झेरॉक्स काढलेल्या पुस्तकातला. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, त्याची ताकद, चपळाई आकड्यांत मांडायची; निलेशने राक्षस आणायचे आणि वीस बाजूंचा फासा टाकून लढायचं. लग्नाआधी मीही तिथे बसायची. माझी मैना तलवारवाली, ताकद चौदा.

आता मी सासरी, वरसेला. ह्यांची कंपनीत शिफ्ट, किमया सात महिन्यांची. मी माझी चाल पोस्टकार्डावर लिहून पाठवते, फासा निलेश टाकतो.

मागच्या पत्रात त्याने कळवलं, किमया झाल्यापासून सहा महिने खेळ सुटला, सराव नाही म्हणून मैनाची ताकद आठवर आणली. रवीचा हट्ट. तलवारीला तेरा लागते, आणि जेवढी कमी पडेल तेवढे फाशातून वजा. पाच गेलेच. पुढे लिहिलं होतं, ‘ताई, रवी बोलतो, जिचा वार लागत नाय तिला कशाला वागवायची? या रविवारी लागला नाय तर मैना खेळातून बाद. हत्यार बदल गो.’

आठ! रवीने एकदा किमयाला कडेवर घेऊन बोरिंगवरून हंडा आणून दाखवावा.

पण चपळाई सोळाच होती, तिला कोणी हात लावला नव्हता. गोफणीला ताकद नाही, चपळाई लागते. लहानपणी भात राखायला मी फिरवलेली. दुपारी एका पायाने झोळीची दोरी ओढत कार्ड लिहिलं आणि चारची डाक निघायच्या आत पेटीत टाकलं.

बुधवारी उत्तर आलं. ‘अठरा पडले. राक्षस आडवा.’ मी किमयाला मोठ्याने वाचून दाखवलं. ती माझ्या तोंडाकडे बघून हसली.

खाली बारीक अक्षरात होतं: ‘गोफणवाल्यानं लांब उभं राहायचं असतं, म्हणून तू नदीच्या अलीकडे. आम्ही गडात शिरलो नि दार लागलं. तू खेळात हायस, पण बाहेर.’

ह्यांना सांगितलं. डबा घेता घेता म्हणाले, मग जिंकलीसच की.

व्हय, म्हटलं.

ते गेल्यावर, किमया निजल्यावर, नवं कार्ड घेतलं. आधी पेणचा पत्ता लिहिला. मग चाल: मैना नदी उतरून जाते आणि दार वाजवते. फार जोरात नाही. आतल्यांना ऐकू येईल एवढंच.